दिवाळी अंकापुरतेच होणारे लेखन वर्षभर कसे टिकवावे?

हंगामी:

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि कथा लिहितो. काही कथा दिवाळी अंकांत छापून आल्या, काही साभार परत आल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न लेखनाच्या सवयीविषयी आहे, आणि येथे संपादनाचा अनुभव असलेले सभासद आहेत म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

माझे सारे लेखन जून ते ऑगस्ट या काळात होते. मेअखेरीस एखाद्या संपादकांचा निरोप येतो, ऑगस्ट संपण्यापूर्वी मजकूर त्यांच्या हाती पडावा लागतो, आणि योगायोगाने याच महिन्यांत कारखाना बंद असल्यामुळे संध्याकाळ माझी असते. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे उसाचे गाळप सुरू झाले, की सगळे बदलते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत त्याची रक्कम शेतकऱ्याला देण्याचे कायद्याचे बंधन आहे, त्यामुळे पंधरवड्याची ऊसबिले, तोडणी-वाहतुकीची बिले, त्यांतील कपाती आणि त्या कपातींवरून होणारे वाद यांतच मार्च उजाडतो, आणि मार्च म्हटला की पुन्हा ताळेबंद. या काळात मी कथेची एक ओळही लिहीत नाही. परिणाम असा, की जूनमध्ये बसल्यावर पहिले काही आठवडे हात वळण्यातच जातात. वाक्ये कार्यालयीन टिप्पणीसारखी उतरतात आणि पात्रे बोलू लागेपर्यंत निम्मा जुलै सरलेला असतो. मग जे हाती लागते ते घाईने पाठवावे लागते.

सकाळी उठल्याबरोबर, मनात येईल ते न थांबता, हाताने तीन पाने लिहून काढण्याची जी पद्धत अमेरिकेतून आली आहे, ती मी गेल्या हंगामात करून पाहिली. तिच्यातून माझ्या थकव्याची आणि साहेबांवरच्या रागाची एक जाडजूड वही तयार झाली. मन हलके झाले असेल. कथेला त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून विचारतो. ज्याला वर्षातील निम्मे महिने खरोखरच वेळ नसतो, त्याने रोज लिहिण्याचा हट्ट धरावा का? आणि संपादकाने मागितल्याशिवाय हात चालत नसेल, तर त्या लेखनाला स्वतःची अशी निकडच नाही असे समजावे का? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो.

मुद्रितशोधक:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून उगाच मनाला लावून घेण्याचे कारण नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा बऱ्याच अंशी या वेळापत्रकावरच जगत आली आहे. मागणीवरून लिहिलेले सर्व लेखन बिननिकडीचे ठरवले, तर आपल्या कथेच्या इतिहासातील बराचसा भाग बाजूला काढावा लागेल, आणि तसे करायला कोणताही समंजस वाचक तयार होणार नाही.

मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात दीर्घकाळ काम केले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या कथांत काही खुणा इतक्या नेमाने आढळतात, की पाकिटावरची तारीख न पाहता ती कथा कशी लिहिली गेली हे सांगता येते. पहिली दोन पाने पावसाची किंवा एस.टी.च्या प्रवासाची असतात आणि कथा तिसऱ्या पानावर सुरू होते. नायक सहाव्या पानापर्यंत सुधाकर असतो आणि पुढे सुधीर होतो. गावाला नाव नसते, घराला दिशा नसते. आजीपासून तलाठ्यापर्यंत सारे जण लेखकाच्याच भाषेत बोलतात, आणि शेवटी एक पत्र सापडते किंवा कोणीतरी मरते. हे प्रतिभेच्या अभावाने होत नाही. पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा यांच्यामध्ये काळ गेलेला नसल्यामुळे होते. लिहिणारा अजून स्वतःच्या वाक्यांच्या प्रेमात असतो आणि ती कापण्याइतका परका झालेला नसतो.

तेव्हा रोज लिहिण्यापेक्षा हा मधला काळ कसा मिळवायचा, याचा विचार तुम्ही आधी करावा असे मला वाटते. हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, कोणी मागितलेले नसताना कथेचा कच्चा खर्डा शेवटापर्यंत नेऊन ठेवा. तो कितीही बेंगरूळ असला तरी चालेल. मात्र शेवटापर्यंत गेला पाहिजे. मृग लागेपर्यंत त्याकडे पाहू नका. जूनमध्ये तुमचे काम पुनर्लेखनाचे असेल, आणि थंड पडलेल्या हाताला कोऱ्या कागदापेक्षा खोडण्याजोगा कागद फार लवकर वळण देतो. (ज्या वर्षी मध्ये अधिक मास येतो त्या वर्षी दिवाळी पुढे सरकते आणि संपादकांना थोडे अधिक दिवस मिळतात. ते दिवस आम्ही त्याच नेहमीच्या लेखकांची वाट पाहण्यात घालवतो.)

पिंपळपार:

मला या साऱ्या चर्चेचा रोखच पटत नाही. लेखनाचा ‘सराव’, ‘दिनक्रम’, ‘शिस्त’ हे शब्द अलीकडे फार ऐकू येतात आणि त्यांना हजेरीपटाचा वास येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका उपक्रमात नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून काढायची असे. (मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे आपल्या लेखकाला त्याच संख्येत बरेच अधिक लिहावे लागेल, ही गंमत वेगळीच.) शब्द मोजून मजकूर तयार होईल, त्याला साहित्य म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्यांनी कोणता दिनक्रम आखला होता? बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हते. मनात भरून आले की शब्द आपोआप येतात, आणि आले नाहीत तर अजून भरलेले नाही असे समजावे. हंगामी यांना माझा सल्ला एवढाच, की हंगामात लिहू नका. त्या काळात लोकांत मिसळा, चांगले वाचा, कान उघडे ठेवा. लिहिण्याची वेळ झाली की तुम्हाला कळेल.

खानदेशी:

पिंपळपार यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे आमच्या खानदेशाशी जोडलेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कारण ती दोन्ही त्यांच्या मताच्या विरुद्ध बाजूने साक्ष देतात.

‘श्यामची आई’ ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली गेली, हे खरे आहे. मात्र त्या पाच दिवसांच्या मागे काय होते तेही पाहावे. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. शाळेचे तास, मुलांची दुखणी-खुपणी आणि छात्रालयाचा सारा व्याप सांभाळून हा माणूस दररोज स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून मुलांपुढे ठेवत होता. ते लेखन छापले जाणार नव्हते आणि त्याचे मानधनही नव्हते. वाचणारी मुले मात्र ठरलेली होती, आणि ती सकाळी तेथे असणारच होती.

१९३० मध्ये शाळा सोडून गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि ती अठराच्या अठरा प्रवचने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. बोलणाऱ्याच्या गतीने लिहिणे आणि बोलण्यातला सूर कागदावर मोडू न देणे, याचा यापेक्षा मोठा सराव कोणता असू शकेल, हे मला सुचत नाही. त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच नाशिकचे ते पाच दिवस आले. त्या पुस्तकातील बोलल्यासारखी वाक्ये कोठून आली असतील, याचा मी लावलेला अर्थ असा आहे. तो कोणाला पटला नाही तरी तारखा आपल्या जागी आहेत.

आणखी एक गोष्ट. त्या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा नावांची आहेत; श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो आणि ते ऐकायला बसलेले असतात. तुरुंगातल्या कोठडीतसुद्धा गुरुजींनी समोर श्रोते बसवून घेतले आणि मगच सांगायला सुरुवात केली.

आता बहिणाबाई. जळगावजवळच्या आसोद्याच्या या माहेरवाशिणीला अक्षरओळख नव्हती आणि तिच्या ओव्या घरच्यांनी ऐकून उतरवून घेतल्या, म्हणूनच १९५१ मध्ये ती गेल्यानंतर पुढच्या वर्षी पुस्तक निघू शकले. पण ‘मनात भरून आले की’ हे वर्णन तिला लागू पडत नाही. दळण रोजचे होते. मन भरलेले असो वा रिकामे, घरातल्या माणसांना भाकरी हवी असे आणि जात्यावर बसावेच लागे. शेतातली कामेही कोणाच्या मनःस्थितीसाठी थांबत नसत. तिची ओवी त्या रोजच्या कामाच्या लयीत घडली. ती लिहायला बसत नव्हती हे खरे. ठरलेल्या वेळी बसत मात्र होती, आणि तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी अधिक नेमाने.

हंगामी, तुमच्या सकाळच्या तीन पानांचे काय झाले याचे उत्तर मला येथेच दिसते. ती पाने कोणालाच उद्देशून नव्हती. ऐकणारे कोणी नसले की दमलेला माणूस स्वतःशी कुरकुर करतो, आणि ते स्वाभाविक आहे. पावसाळ्यात तुम्हाला एक संपादक मिळतो म्हणून तुमचा हात चालतो. उरलेल्या महिन्यांत तुमच्यासाठी कोणीही थांबलेले नसते. निकड नसल्याची शंका सोडून द्या आणि त्या नऊ महिन्यांसाठी एखादा वाचक शोधा. एकच पुरेल, पण त्याला तुमचे पान ठरल्या वेळी हवे असले पाहिजे.

रातपाळी:

मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे आणि ललित लेखन करते. माझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे ‘रोज पहाटे पाच ते सहा’ यांसारखे सल्ले माझ्या कामाचे नाहीत. ज्या आठवड्यात मी पहाटे पाचला वॉर्डात तापमान घेत फिरत असते, त्या आठवड्यात ते पाळणार कसे?

माझा अनुभव असा, की लेखन घड्याळाला बांधण्याऐवजी आपल्या दिवसात हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधले तर ते टिकते. पाळी कोणतीही असो, ती संपताना पुढच्या परिचारिकेला चार्ज द्यावाच लागतो. चार्ज देऊन झाला की कपडे बदलण्याच्या खोलीत बसून मी मोबाइलवर थोड्या ओळी लिहिते आणि मगच स्टेशनकडे निघते. घरी गेल्यावर लिहीन असे म्हटले तर होत नाही. घरी गेल्यावर कुकर असतो. बोलून टंकण्याची सोयही वापरून पाहिली, परंतु त्या खोलीत इतर जणी असतात, आणि ‘तिच्या हातावरची मेंदी अजून ओली होती’ असे वाक्य फोनशी मोठ्याने बोलणाऱ्या बाईकडे लोक काळजीने पाहतात.

खानदेशी म्हणतात तसा वाचक माझ्याकडे आहे. नाशिकला राहणारी माझी एक शाळासोबतीण आणि मी दर संकष्टीला एकमेकींना दोन पाने पाठवतो. उपास दोघींचाही असतो, त्यामुळे तिथी विसरण्याचा प्रश्न येत नाही. आमचा एकच नियम आहे: अभिप्राय म्हणून फक्त एवढेच कळवायचे की कोणते वाक्य लक्षात राहिले आणि वाचताना लक्ष कोठे उडाले. ‘छान’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द वर्ज्य आहेत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या नियमामुळे मला माझ्या लेखनाविषयी जेवढे कळले तेवढे कोणत्याही कार्यशाळेत कळले नाही.

एक सावधगिरी मात्र मी कटाक्षाने पाळते. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही, अगदी आजाराचे नावसुद्धा, मी त्या ओळींत येऊ देत नाही. बोलण्याची ढब, हातांची हालचाल, नातेवाईक डबा उघडतात ती रीत, एवढेच घेते. सुरुवातीला हे बंधन जाचक वाटले होते. आता वाटते की त्यामुळेच माझे लक्ष खऱ्या तपशिलांकडे वळले.

पिंपळपार:

छात्रालयातल्या दैनिकाची माहिती मला नव्हती. खानदेशी यांचे आभार. तरीही माझे म्हणणे पूर्ण मागे घेत नाही. गुरुजी मुलांसाठी रोज लिहीत होते ते मुलांवरच्या मायेने, लेखनाचा सराव व्हावा म्हणून नव्हे. सराव करायचा म्हणून सराव करणाऱ्याच्या लेखनात त्या सरावाचा घाम दिसतो, आणि हंगामी यांच्या त्या वहीत बहुधा तेच झाले असावे.

हंगामी:

सर्वांचे मनापासून आभार. पिंपळपार यांचे शेवटचे वाक्य मला लागले, पण ते बरोबर आहे.

रातपाळी यांचे वाचून एक मार्ग सुचला. माझ्या कामातही हमखास घडणारी एक गोष्ट आहे. पंधरवड्याचे ऊसबिल बँकेकडे रवाना झाले की त्या संध्याकाळी आमचा विभाग दोन-तीन तास सुस्त असतो; चहा होतो, गप्पा होतात. त्या वेळी एक पान लिहावे आणि ते ऊस तोलण्याच्या काट्यावर रात्रपाळी करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला द्यावे, असे मनात आहे. तो चोखंदळ वाचक आहे, आणि गाड्यांची रांग नसेल तेव्हा टेबलाखाली ठेवलेले पुस्तक वाचत असतो. हंगामभर पंधरा दिवसांनी एक पान म्हणजे फार नाही, याची मला कल्पना आहे. पण आजवर तेही होत नव्हते.

अडचण पानात काय लिहावे याची आहे. पुन्हा साहेबांवरचा रागच उतरू नये, यासाठी काय करावे? शिवाय जे डोळ्यांसमोर असते ते बिलांवरचे वाद असतात, आणि ती माणसे खरी आहेत, गावातलीच आहेत.

मुद्रितशोधक:

ही योजना मला पसंत आहे. पानात काय असावे याविषयी माझे मत सांगतो. ते काहीसे हट्टी वाटले तर सोडून द्यावे.

पानात ‘मी’ येऊ देऊ नका. एक माणूस, एक जागा आणि तो माणूस करत असलेले एक काम, एवढ्यावरच नजर ठेवा. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बारा मराठी महिने एकामागून एक येतात आणि लेखिका प्रत्येक महिन्यातील झाडे, फुले, आकाश इतक्या बारकाईने पाहते, की तिच्या मनाची स्थिती आपल्याला निराळी विचारावी लागत नाही. हंगामात ते जवळ ठेवा. त्या शैलीचे अनुकरण करू नये, ते साधतही नाही. मात्र कार्तिकात जे दिसते ते माघात दिसत नाही, एवढी सावधता त्यातून अंगी येते. तुमच्या गव्हाणीवर आणि काट्यावरही नोव्हेंबरची माणसे आणि फेब्रुवारीची माणसे सारखी नसणार.

बिलांवरच्या वादांना इतक्यात हात लावू नका. त्यात तुम्ही एक पक्ष आहात, आणि राग तेथूनच परत येईल. त्याऐवजी ज्यांचे कागद तुमच्याकडे येतात पण ज्यांच्याशी तुमचे भांडण नाही, अशा माणसांकडे पाहा. तोडणीसाठी बीडकडून येणाऱ्या टोळ्या तुमच्या वहीत ‘कोयते’ म्हणून मोजल्या जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्यांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, तुमच्याच खतावणीत असते, मुकादमाच्या नावावर. त्या जोडीतली बाई पहाटे फडावर जाण्याआधी काय काय उरकते, कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, लहान मुलाला कोणापाशी ठेवते, आणि तिचे बीडचे बोलणे फडावर उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कोल्हापूरच्या चिटबॉयला समजले नाही तर तो काय करतो, यांतले एक काहीतरी एका पानात मावते. नाव पहिल्याच ओळीत बदला, नंतर बदलीन म्हणून ठेवू नका. पुढे कथेत बदललेले नाव पात्राला बसत नाही आणि लिहिणारा खऱ्याकडेच ओढला जातो.

बोलणे ऐकाल तसेच उतरवा, प्रमाण भाषेत आणू नका. ते कथेत कसे ठेवायचे हा जूनमधला प्रश्न आहे.

पान त्या सहकाऱ्याला दिल्यावर रातपाळी यांचा नियम त्याला सांगा: कोणते वाक्य राहिले, लक्ष कोठे उडाले. आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की हंगामातली सर्व पाने एकदम पुढे घेऊन बसू नका. त्यालाच विचारा, की यांतले कोणते माणूस त्याला अजून आठवते. त्याने जे नाव सांगितले असेल, त्याच्यावरच एप्रिलमधला कच्चा खर्डा करा, मग ते पान तुम्हाला स्वतःला कितीही सामान्य वाटत असले तरी.